राजमाची एका दिवसात: लोणावळ्याहून चढायचं, कोंढाण्याकडून उतरायचं, मधे उधेवाडीचं जेवण

काजवे बघायला भरणारी जत्रा सोडून राजमाची किल्ला बघायचाय असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू. आम्ही थंडीत गेलो. उजाडायच्या आत लोणावळा स्टेशनवरून चालायला लागायचं, श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन्ही बालेकिल्ले करायचे, किल्ल्याखालच्या उधेवाडी गावात जेवायचं, मग कोंढाणे लेण्यांवरून खालच्या कोंदिवडे गावात उतरून कर्जतहून लोकल पकडायची, असा प्लॅन. उधेवाडीत एका घरी आधी फोन करून जेवण आणि खाली उतरवायला एक माणूस, दोन्ही सांगून ठेवलेलं, आणि रिव्ह्यू खरं तर त्याचाच. घराचं नाव टाकत नाही, कारण गावात बऱ्याच घरी ही सोय होते आणि सगळा धंदा एकाच दारात जायला नको.

पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

तुंगार्ली, वळवंड, फणसराई करत उधेवाडीपर्यंतचं अंतर पंधरा किलोमीटरच्या आसपास आहे आणि खरं सांगू का, अर्धा रस्ता बोअर आहे, जीपचा कच्चा रस्ता, धुरळा, मागून बाइकवाले. पण चढ जवळजवळ नाहीच, कारण घाट चढायचं काम रेल्वेनेच करून दिलेलं असतं. म्हणून म्हणतो हाच क्रम धरा, कोंदिवड्याहून वर यायचं म्हणजे उभा घाम. फणसराईच्या पुढे झाडी दाट होते, डावीकडे उल्हासची दरी उघडते, पलीकडे नागफणीचा सुळका आणि बोरघाटातली मालगाडी खेळण्यासारखी सरकताना दिसते, तिथून मजा सुरू होते. वाटेत झाडाच्या बुंध्याशी शेंदूर फासलेले दगड लागतात, नारळाची करवंटी नि अर्धी जळलेली उदबत्ती बघून कळतं की कुणीतरी अजून येऊन जातंय.

उधेवाडीत पोचल्यावर मावशींनी चहा दिला आणि सरळ सांगितलं, "आधी गडावर जाऊन या, भाकऱ्या मागनं थापते, गार खाता का काय?" हा सल्ला मला फार आवडला, कारण भरल्या पोटी श्रीवर्धन चढणं म्हणजे शिक्षा. दोन बालेकिल्ल्यांच्या मधल्या खिंडीत भैरवनाथाचं देऊळ आणि समोर दीपमाळा, इथून एक वाट श्रीवर्धनला, दुसरी मनरंजनला. श्रीवर्धन जास्त उंच, त्याचा दुहेरी तटाचा बुरूज बघाच, लोक वरच्या झेंड्यापाशी सेल्फी काढून परत फिरतात आणि तो तसाच राहतो. मनरंजनवर गर्दी कमी, गोमुखी बांधणीचा दरवाजा, कातळात खोदलेली टाकी, आणि छप्पर गेलेली एक इमारत जिच्या भिंती अजून ताठ उभ्या आहेत. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये या भागातले किल्ले घेतले त्यात राजमाचीही होता, पुढे १७१३ मध्ये शाहू महाराजांशी झालेल्या तहात तो कान्होजी आंग्र्यांकडे गेला, आणि १८१८ मध्ये इंग्रजांकडे. हे सगळे इथे काय करत होते ते वर उभं राहिलं की नकाशाशिवाय कळतं: बोरघाट समोर आहे, कोकणातून देशावर चढणारा माल याच्या नजरेखालून जायचा.

भैरवनाथाच्या अंगणात एक ग्रुप स्पीकर लावून नाचत होता. बास, जास्त लिहीत नाही.

आता जेवण. तांदळाची भाकरी, पिठलं, बटाट्याचा रस्सा, मिरचीचा ठेचा, पापड, वरण-भात. पिठलं एक नंबर, घट्ट, लसणाचा खमंगपणा वर, तव्यावरून उतरलेली भाकरी मोडली की वाफ निघते आणि मावशी "अजून अर्धी घ्या" म्हणत पूर्णच वाढतात. रश्शात तेलाचा तवंग जरा जास्त होता, आणि ताक अगदीच पाणी, अर्धा मार्क तिथे गेला. पैसे जागेच्या मानाने कमीच वाटले, हे सगळं सामान त्याच धुरळ्याच्या रस्त्याने येतं हे लक्षात घ्या आणि तिथे घासाघीस करू नका. रोकड ठेवा, नेटवर्क आलं-गेलं असतं.

जेवून उदयसागर तलावाकडे आणि त्याच्याजवळच्या गोधनेश्वर महादेवाच्या देवळाकडे चक्कर मारली. जुनं दगडी देऊळ, सावली गार, जेवणानंतर दहा मिनिटं टेकायला याहून चांगली जागा त्या गावात नाही.

खाली उतरवायला मावशींचा पुतण्या आला, आणि सगळ्यात जास्त पैसे वसूल झाले ते इथेच. वाट जंगलातून तीव्र उताराची, थंडीत वाळक्या पाल्याखाली घसारा, म्हणजे पायाखालून सरकणारी सुटी माती-खडी, लपलेला असतो, शिवाय गुरांच्या वाटा इतक्या फुटतात की बाणांच्या भरवशावर राहून चालत नाही. पोरगा कमी बोलणारा, पण विचारलं की ऐन कुठला, हिरडा कुठला, कारवी कुठली सगळं दाखवायचा. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते हे ऐकून होतो, तिच्या काठ्यांचे कूड लिंपून घराच्या भिंती करतात हे त्याने सांगितलं. गुडघे दुखत असतील तर काठी घ्याच, "ताई, पाय आडवा टाका" हे त्याने आमच्या एका मैत्रिणीला सतत सांगितलं म्हणून ती न पडता उतरली.

आणि मग झाडीतून अचानक कोंढाणे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या आसपासची बौद्ध लेणी. चैत्यगृहाच्या, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या दालनाच्या, खांबांचे खालचे भाग गेलेत, स्तूपही झिजलाय, पण दर्शनी भागातली लाकडी बांधकामाची नक्कल, त्या कमानी, त्या जाळ्या दगडात अशा कोरल्यात की सुताराने केल्यासारखं वाटतं. चैत्याच्या डावीकडे एका मोठ्या मूर्तीचं भग्न डोकं आहे आणि तिथेच ब्राह्मीत एक ओळ, कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं. एवढ्या जुन्या काळातल्या कलाकाराची सही! पोराला ती जागा नेमकी माहीत होती, आमचे आम्ही गेलो असतो तर शोधण्यातच वेळ गेला असता. वर किल्ल्यावर शंभर माणसं, इथे आम्ही आणि वटवाघळं.

लेण्यांपासून कोंदिवडे तासाभराच्या आत. तिथून कर्जतला शेअर टमटम मिळते, अंधार पडला की भाडं वाढतं, म्हणून उधेवाडीतून दोनच्या आत निघा. पोराला परत तेवढंच चढून घरी जायचं असतं, त्याचे पैसे लेण्यांपाशीच द्या आणि त्याला तिथूनच सोडा, पुढची वाट सरळ आहे.