मंडई, रात्रीचं नाटक आणि लहान लेकरं: इअरमफ, मनगटपट्टा, कॅरिअर एक हंगाम वापरल्यावर

भाऊबीजेपासून झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, मंडया (गावोगावच्या जत्रा) लागतात आणि होळीपर्यंत रात्रीची नाटकं चालतात. या हंगामात गर्दीत लेकरांसाठी विकल्या जाणाऱ्या चार वस्तू वापरून झाल्या: कानांवर बसणारे इअरमफ, मनगटाला बांधायचा स्प्रिंगच्या दोरीचा पट्टा, पाठीवरच्या छोट्या बॅगेला दोरी असलेला हार्नेस आणि बाळ अंगाशी बांधायचं कापडी कॅरिअर. या वस्तूंचे ऑनलाइन अभिप्राय मॉल आणि विमानतळ डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असतात. आपल्याकडे कापणी झालेली धानाची बांधी (बांध घातलेलं शेत), धूळ, अंधार आणि पहाटेपर्यंतचं जागरण असतं, तिथं त्याच वस्तू वेगळ्याच वागतात.

इअरमफ घ्या. मनगटपट्टा घेऊ नका. बाकी दोन्ही वस्तूंचा उपयोग आहे, पण मर्यादेत. आणि दोन वर्षांखालच्या लेकराला रात्रीच्या नाटकाला नेता येईल अशी एकही वस्तू बाजारात नाही.

आधी आवाजाचं. नाटकाच्या मंडपात स्पीकरचे बॉक्स स्टेजच्या दोन्ही अंगांना रचलेले असतात, आणि मागून दिसत नाही म्हणून लहान पोरांना सगळ्यात पुढच्या सतरंजीवर बसवतात. म्हणजे सगळ्यात नाजूक कान बॉक्सच्या सगळ्यात जवळ. मोठ्या माणसाच्या कानाला किती आवाज किती वेळ चालतो, याचा ढोबळ हिशेब असा: ८५ डेसिबल आवाज आठ तास, ८८ असेल तर चार तास, ९४ ला एक तास, १०० ला फक्त पंधरा मिनिटं. लेकरांसाठी यापेक्षा कमीच धरायचं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो. बॉक्सपासून ५ मीटरवर १०० असेल तर १० मीटरवर ९४ आणि २० मीटरवर ८८. मंडपात कनाती आणि टिनाचे पत्रे आवाज परत फेकतात, त्यामुळे उतार याहून कमी पडतो. तरीही मागं सरकणं हा फुकटातला सगळ्यात मोठा उपाय आहे. मोबाइलवरचं आवाज मोजायचं ॲप अचूक नसतं, पण पुढची आणि मागची जागा यांतला फरक त्यावर चांगला कळतो.

इअरमफच्या डब्यावर आवाज २५ डेसिबलनं कमी होतो असं लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्षात १५ च धरून चाला, कारण ते कानाभोवती पूर्ण चिकटून बसले तरच काम करतात. आपल्याकडे ते कुठं बिघडतं? पहिलं कारण कानटोपी. पौषातल्या थंडीत आधी टोपी आणि वरून इअरमफ घातले की लोकरीतून आवाज सरळ आत शिरतो. आधी मफ, मग वरून टोपी. दुसरं कारण कानातल्या बाळ्या: गादी उचलली जाते आणि तासाभरात कान लाल होऊन दुखतो. बाळ्या घरीच काढून ठेवा. तिसरं, तेल लावलेले केस. तेलानं गादीचं रेक्झिन कडक होतं आणि हंगाम संपेपर्यंत त्याला तडे जातात. ओल्या फडक्यानं पुसून सावलीत वाळवलं तर टिकतं. स्पीकरचा धम धम असा खालचा सूर मफ फारसा अडवत नाहीत, तो छातीत जाणवतोच. म्हणून मफ घातले तरी पुढच्या सतरंजीवर बसवायचं नाही. दीड वर्षाच्या आतल्या बाळाला कडक पट्टीचे मफ नकोत, इलास्टिकचे मिळतात. फोमचे छोटे बोळे लहान पोरांना देऊच नका. ते कानातून निघून तोंडात जातात आणि घशात अडकू शकतात.

मनगटपट्ट्याबद्दल जरा जोरानं लिहायला हवं, कारण तोच सगळ्यात जास्त विकला जातो. दोन-तीनशे रुपयांत मिळतो, दोर दीड-दोन मीटर ताणतो. मंडईच्या गर्दीत तो माणसांच्या पायांच्या उंचीवर ताणलेला असतो. मधून कोणी घाईनं गेलं की तो माणूस अडखळतो आणि झटका लेकराच्या हाताला बसतो. एक ते चार वर्षांच्या पोरांत अशा झटक्यानं कोपरातलं हाड आपल्या जागेवरून सरकू शकतं. ओळखायचं कसं: लेकरू रडतं आणि तो हात वापरायचंच सोडतं, किंचित वाकवून अंगाशी धरून ठेवतं. अशा वेळी हात ओढून, चोळून बघायचं नाही, मालिश करणाऱ्याकडेही न्यायचं नाही. डॉक्टर ते मिनिटभरात जागेवर बसवतात. शिवाय या पट्ट्याच्या वेल्क्रोत तणसाची कुसळं आणि धूळ भरली की तो आपोआप सुटतो. हार्नेसमध्ये ओढ छातीवर आणि खांद्यांवर पडते, म्हणून तो बरा. पण दोर हातभर आखूड धरायचा आणि वापरायचा फक्त दिवसा, दुकानांच्या रांगेत. शंकरपटाच्या, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीच्या, दानीजवळ (धावायच्या पट्टीजवळ) दोर बांधलेलं लेकरू उभं करू नये. जोडी दान सोडून बाहेर आली तर चटकन उचलून पळावं लागतं.

कॅरिअर पोटाशी बांधा. पाठीवर बांधलं तर बाळाचा चेहरा दिसत नाही आणि मागून येणारा रेटा थेट त्याच्यावर पडतो. हनुवटी आणि छाती यांत दोन बोटं जागा हवी, गुडघे ढुंगणापेक्षा वर, नाक उघडं. थंडीसाठी शाल आपल्या खांद्यांवरून घ्या, बाळाच्या तोंडावरून नाही. पोटाशी बाळ असलं की दोन्ही हात मोकळे राहतात आणि कोपरं पुढं करून त्याच्यासाठी वीतभर जागा राखता येते. खांद्यावर बसवलेलं पोर फोटोत छान दिसतं, पण आपला तोल गेला की ते सरळ डोक्यावर पडतं.

हे सगळं घेऊनही गर्दी ती गर्दीच. एका चौरस मीटरमध्ये चार माणसं असली तर अजून पाय टाकता येतो. सहाच्या वर गेली की आपण कुठं जायचं ते आपण ठरवत नाही, गर्दी ठरवते. चेंगराचेंगरीत माणसं पायाखाली येऊनच मरतात असं नाही. उभ्या उभ्या छाती दाबली जाऊन श्वास घेता येत नाही, म्हणूनही मरतात. चार वर्षांच्या लेकराचं तोंड मोठ्यांच्या कमरेच्या आसपास असतं, त्याला तो दाब आधी लागतो आणि कोणाला दिसतही नाही. नागपुरात २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जीव गेले, त्यांत बाया आणि लेकरंही होती. विदर्भाला हे नव्यानं सांगायची गरज पडू नये.

मोठ्या शहरांतल्या कॉमिक कॉनला घरातली मोठी पोरं आता जातात, तिथंही हिशेब हाच. फरक इतकाच की वेशभूषा केलेल्यांच्या हातातल्या तलवारी आणि पंख नेमके लहान पोरांच्या डोळ्यांच्या उंचीवर येतात.

मग न्यायचं की नाही? दोन वर्षांखालचं लेकरू: दिवसाची मंडई, दुपारी तीनच्या आत, गर्दी चढायच्या आधी परत. दोन ते पाच: दिवसा मंडई आणि दंडार (इथलं लोकनाट्य) खुशाल दाखवा, रात्रीचं नाटक नाही. सहाच्या पुढं मफ घालून पहिला अंक, मागच्या बाजूला, वाटेच्या कडेला. यावर घराघरातून येणारं उत्तर खरं आहे: मंडईला लेकी माहेरी येतात, सगळं घर नाटकाला जातं, मग लेकरापाशी थांबायचं कोणी? दरवेळी त्याची आईच थांबणार असेल तर ते मला मान्य नाही. गावोगावी मंडया वेगवेगळ्या दिवशी असतात. आज एका घरी आजी किंवा आत्या, परवा दुसऱ्या घरी बाप किंवा मामा, अशी पाळी आधीच लावली तर कोणाचंच नाटक बुडत नाही.

हरवण्याची तयारी मात्र दर वयात करा. निघताना लेकराचा त्याच दिवसाच्या कपड्यांत फोटो काढा. मोबाइल नंबर शर्टाच्या आतल्या बाजूला आणि हातावर बॉलपेननं लिहा. नाव बाहेरून दिसेल असं लिहू नका, परका माणूस नावानं हाक मारतो. मंडईत नेटवर्क दाबून जातं, फोन लागत नाही. म्हणून भेटायची जागा ठरलेली हवी. आकाशपाळण्याजवळ नको, तिथंच रेटा असतो. देऊळ किंवा शाळेचं फाटक बरं. लेकराला शिकवा: हरवलं तर जागचं हलायचं नाही, बापाचं पूर्ण नाव आणि गावाचं नाव सांगायचं. माईकवर लगेच पुकारायला लावा, आणि १०९८ (लेकरांसाठीची मदतवाहिनी) किंवा ११२ (आणीबाणीचा नंबर) लावायला थांबू नका.

सगळ्यात अवघड वेळ नाटक सुटल्यावरची. सपाट जागी एक मीटर रुंदीच्या वाटेतून मिनिटाला जास्तीत जास्त ऐंशीएक माणसं निघतात. दोन मीटरचं एकच दार आणि आत तीन हजार लोक, म्हणजे सगळं सुरळीत चाललं तरी वीसएक मिनिटं. अंधार, पेंगलेली पोरं, बाहेर लगेच बांधीचा धुरा (मातीचा बांध), तर त्याहून जास्त. पडदा पडल्यावर जागेवरच बसून राहा. आयोजकांकडे दोनच गोष्टी मागा: मागच्या बाजूला दुसरं दार, आणि त्या दारापासून रस्त्यापर्यंत धुरे सपाट करून दिवे.