बेडरूम म्हणून आम्हाला स्टोअर रूम विकली

यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावांना लागून जे ले-आउट पडतात, तिथे आता मोकळ्या प्लॉटसोबत तयार घरंही विकायला असतात. शेती खेड्यात, पण मुलांची शाळा आणि म्हाताऱ्यांचा दवाखाना जवळ हवा, अशी आमच्यासारखी कुटुंबं ही घरं घेतात. आम्ही घेतलेलं रो-हाऊस पत्रकात टू बीएचके होतं. प्रत्यक्षात त्यात झोपण्याजोगी खोली एकच आहे. दुसरी खोली मंजूर नकाशात ‘स्टोअर’ आहे, आणि तीच आम्हाला बेडरूम म्हणून दाखवून, बेडरूमचे पैसे घेऊन विकली गेली.

ही खोली सासूबाईंसाठी होती. त्यांचे गुडघे गेले आहेत, रात्री दोनदा उठावं लागतं, म्हणून बाथरूमजवळची खोली आम्हाला हवीच होती. पत्रकात तिचं माप होतं १० बाय ८. नमुना घरात त्या खोलीत पलंग मांडलेला, वर स्वच्छ चादर, समोरच्या भिंतीवर मोठा आरसा. दाराला फक्त पडदा होता, पल्ला बसवलेलाच नव्हता. यांनी खिशातून टेप काढला तर दलाल हसून म्हणाला, “मापं काय घेता जी दादा, समोर दिसूनच राहिलं ना! वहिनी, मोठा पलंग आरामात बसते इथं.” आणि बोलता बोलता आम्हाला वरच्या गच्चीवर घेऊन गेला.

नंतर ते नमुना घर ज्या कुटुंबाने घेतलं, त्यांना तो पलंगही घरासोबत मिळाला. त्यांनी मोजला तेव्हा तो चार फूट रुंद आणि साडेपाच फूट लांब निघाला. बाजारात असा पलंग मिळत नाही, तो खास बनवून घ्यावा लागतो. ही चूक नव्हती, हा ठरवून मांडलेला देखावा होता.

आता मापाचा हिशेब सांगते, कारण खरी मेख तिथेच आहे. पत्रकातलं १० बाय ८ हे भिंतींच्या बाहेरून बाहेरपर्यंतचं माप होतं. बाहेरची भिंत नऊ इंची, आतली साडेचार इंची, वर दोन्हीकडचं प्लास्टर. म्हणजे प्रत्येक दिशेला सुमारे सव्वा फूट भिंतीतच गेला. आतून खोली भरली ८ फूट ९ इंच बाय ६ फूट ९ इंच. ऐंशी चौरस फुटांची एकोणसाठ झाली. सहा फूट रुंद, साडेसहा फूट लांब पलंग आडवा टाकला की भिंतीशी तीन इंच उरतात. पलंगाच्या बाजूला पावणेतीन फूट जागा उरते, त्यात अलमारी ठेवली की सव्वा फुटाच्या आत चालायचं. अडीच फुटी दार आत उघडतं ते अलमारीवर आपटतं. काठी घेऊन चालणाऱ्या बाईने तिथून रात्री कसं निघायचं?

राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ मध्ये राहण्याच्या खोलीचं किमान माप दिलेलं आहे. घरात एकच खोली असेल तर ती ९.५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १०२ चौरस फूट, आणि रुंदी किमान २.४ मीटर हवी. दोन खोल्या असतील तर एक तेवढी आणि दुसरी किमान ७.५ चौरस मीटर, म्हणजे जवळपास ८१ चौरस फूट, रुंदी २.१ मीटर. उंची २.७५ मीटर, आपले नऊ फूट. ही संहिता देशभरासाठी नमुना आहे, परवानगी मिळते ती आपल्याकडच्या नियमावलीप्रमाणे, पण खोली राहण्याजोगी आहे की नाही हे ताडायला हे आकडे पुरेसे आहेत. आमची खोली भरते साडेपाच चौरस मीटर. रुंदीतही ती कमीच पडते. म्हणूनच नकाशात तिला बेडरूम लिहिता आलं नाही, स्टोअर लिहून मोकळे झाले. नकाशाची झेरॉक्स आम्हाला बँकेतल्या कर्जाच्या फाइलीतून मिळाली. खरेदीच्या वेळी बांधणाऱ्याने दाखवला होता तो ग्रामपंचायतीचा नमुना ८. त्यावर घराची कर आकारणी असते, ती बांधकामाची परवानगी नव्हे. हे दोन कागद एकच असल्यासारखे पुढे केले जातात, तिथे फार जपा.

खिडकीचं तर विचारूच नका. उष्ण, कोरड्या हवेच्या भागात खिडक्यांची उघडणारी जागा खोलीच्या क्षेत्रफळाच्या दहाव्या हिश्शाएवढी तरी असावी, असं हीच संहिता सांगते. या खोलीला सहा चौरस फूट हवी होती. आहे दोन बाय दोनची, आणि दीड फुटावर शेजारच्या घराची भिंत. विदर्भात मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, कूलरशिवाय रात्र निघत नाही. कूलर उभा करायला बाहेर जागा नाही, आणि आत ठेवला तर तीच दमट हवा फिरत राहते. सासूबाई आज हॉलमध्ये झोपतात. पाहुणे आले की संकोचून उठून बसतात. घरातल्या मोठ्या माणसाला आपल्याच घरात असं अवघडून राहावं लागतं, याचा मला फार राग आहे.

बांधणाऱ्याकडे गेलो तर त्याने खरेदीखत पुढे केलं. त्यात एकूण बांधकाम लिहिलं आहे, खोल्यांचा उल्लेखच नाही. रेराचं, म्हणजे गृहप्रकल्पांच्या कायद्याखालच्या नोंदणीचं, विचारलं तर म्हणाला, आठच घरं आहेत, नोंदणी लागत नाही. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा घरं आठपेक्षा जास्त नसतील तर सूट आहे हे खरं, पण ती सगळे टप्पे धरून मोजायची असते. मागच्या बाजूला त्याच माणसाची आणखी घरं चालू आहेत. वकिलांनी नोटीस पाठवली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीची तयारी सुरू आहे. तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे ‘बघू, करून देतो’ या आश्वासनांवर थांबू नका. आम्ही ते छापील पत्रक जपून ठेवलं आहे. तुम्हीही पत्रक, व्हॉट्सअॅपवरचे फोटो, दलालाचे मेसेज काहीही पुसू नका.

घर बघायला जाताना घरच्या पलंगाचं आणि अलमारीचं माप लिहून न्या, आणि रिकाम्या खोलीत फरशीवर खडूने आखा, दार किती उघडतं तेही आखा. टेप प्लास्टरपासून प्लास्टरपर्यंत धरा. दलाल घाई करत असेल तर त्याला गच्चीवर एकट्याला जाऊ द्या. इसार देण्याआधी मंजूर नकाशाची प्रत मागा, त्यात प्रत्येक खोलीला काय नाव दिलंय ते वाचा, आणि करारनाम्यात प्रत्येक खोलीचं आतलं माप लिहून घ्या. ‘नकाशा ऑफिसात आहे, नंतर देतो’ म्हणाला तर इसार देऊ नका. आमच्या मागच्या ओळीतल्या घरांचं बुकिंग सध्या चालू आहे, आणि बोर्डावर टू बीएचकेच लिहिलेलं आहे.