थांबणारा क्रोस, खेळत राहिलेला मॉड्रिच

१ जून २०२४, वेम्ब्ली. युरोपातल्या क्लब फुटबॉलच्या चॅम्पियन्स लीगची अंतिम फेरी. मिडफिल्डर, म्हणजे मैदानाच्या मध्यात खेळणारा, टोनी क्रोस याच्या कॉर्नरवर सहकारी कार्वाहालने हेडरने गोल मारला, रेआल माद्रिदने डॉर्टमुंडला २-० हरवलं. शेवटच्या काही मिनिटांत क्रोस बाहेर आला आणि त्याच्या जागी मैदानात उतरला दुसरा मिडफिल्डर, क्रोएशियाचा लुका मॉड्रिच.

क्रोस तेव्हा ३४ वर्षांचा, संघातली जागा पक्की. तरी त्याने थांबायचं आधीच जाहीर केलं होतं. जर्मनीकडून युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा, खेळला, उपांत्यपूर्व फेरीत स्पेनकडून हरला आणि बूट ठेवून दिले. २०१४ चा विश्वचषक आधीच त्याच्या खात्यात होता. त्याची घसरण कुणी पाहिलीच नाही.

मॉड्रिच त्याच्याहून चार वर्षांनी मोठा. २०१८ चा बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, क्रोएशियाला त्याच वर्षी विश्वचषकाची अंतिम फेरी, २०२२ मध्ये तिसरं स्थान. एवढं सगळं मिळवूनही हा माणूस बाकावर बसायला तयार झाला! कधी शेवटची वीस मिनिटं मिळायची, पण त्यातही डाव्या-उजव्या बाजूला चेंडू फिरवून सामन्याची लय तोच ठरवायचा. २०२५ मध्ये माद्रिद सुटलं, तेव्हा तो लहानपणापासूनच्या आवडत्या एसी मिलानमध्ये गेला.

क्रोसचा निर्णय देखणा आहे, हे मान्य. मला मात्र मॉड्रिचचाच जास्त भावतो. मिडफिल्डरचा वेग आधी जातो, नजर नाही. आणि त्या नजरेवर चाळिशीतही खेळता येतं, हे त्याने दाखवून दिलं.