सहा स्पीडचा व्हिस्कोमीटर, ८ महिन्यांनंतर

गोव्यात तेल म्हटलं की खोबरेल. जमिनीखालच्या तेलाशी आमचा संबंध एवढाच, की मालक गवार गम, म्हणजे गवारीच्या बियांची पाणी दाट करणारी पूड, पुरवतात आणि तो गुजरातेत तेलविहिरींच्या फ्रॅकिंगला, म्हणजे दाबाने द्रव सोडून खडकात भेगा पाडायला, जातो. माल पाठवण्याआधी दाटपणा तपासायला कुंडईच्या आमच्या छोट्या लॅबमध्ये जूनमध्ये हे यंत्र आलं.

चालवायला सोपं. ६००, ३००, २००, १००, ६ आणि ३ आरपीएम. बाहेरचा रोटर फिरतो, आतला बॉब (छोटा दंडगोल) स्प्रिंगच्या ताणावर, मधली फट जेमतेम १.१७ मिलिमीटर. ३०० वर डायल दाखवेल तोच दाटपणाचा आकडा, सेंटिपॉइज या एककात. हजार लिटरला ४.८ किलोच्या हिशेबाने गम मिसळून अर्धा तास मुरवला की माझा आकडा पस्तिशीच्या आसपास येतो. बॅच फसवी असेल तर चहा निवायच्या आत कळतं. ६०० वर आकडा दुप्पट होत नाही. नाचणीचं तिजाण ढवळल्यावर सैल होतं, त्यातलाच प्रकार.

पावसाळ्याने मात्र रडवलं. पूड ओल धरते आणि पाण्यात पडताच गुठळ्या होतात, आत कोरडी, बाहेर चिकट. चवथीनंतर बॉबचं बेअरिंग गंजून काटा मध्येच अडकायला लागला. ठाऊक दाटपणाच्या सिलिकॉन तेलाने तपासलं नसतं तर कळलंही नसतं. विक्रेत्याने सुटा भाग द्यायला ५ आठवडे लावले.

दुसरी अडचण यंत्राचा दोष नव्हे. पीएच ९ च्या वर नेऊन गमच्या साखळ्या एकमेकींना बांधणारं बोरेट घातलं की जेल बॉबवरून वर चढतं आणि कपाबाहेर डोकावतं. मग आकड्याला अर्थ नाही. त्यासाठी दाबाखालचा बंद कप लागतो. त्याची किंमत ऐकून मालक दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तोवर मिक्सरमध्ये फिरवून भोवरा मिटायला किती सेकंद लागतात ते मोजतो. काम भागतं.

खरा धडा नोव्हेंबरात, विहिरीवर मिळाला. माझ्या आकड्यांवरून मी पाइपमधल्या घर्षणाचा दाब काढून नेला होता. तिथले इंजिनियर जळगावचे. कागद बघून म्हणाले, "अहो, एवढं प्रेशर आलं असतं तर आम्ही पंप बंद करून घरी गेलो असतो." पंप चालू झाला. गेजवरचा दाब नुसत्या पाण्यापेक्षाही कमी! घट्ट द्रवाला घर्षण जास्त, हे माझं गृहीतक पाइपात चालत नाही. तिथला प्रवाह खवळलेला असतो आणि गमच्या लांब साखळ्या ती खळबळच दाबतात. टॉम्स या शास्त्रज्ञाने हे १९४८ मध्येच मांडलं होतं. मी कॉलेजात वाचलंही होतं, पण कपातला प्रवाह शांत, तो पाइपाची गोष्ट सांगणार कशी?

शिवाय जेल भेगेत पोहोचेपर्यंत पाइपात मिनिटभर कुटलं गेलेलं असतं, आणि पुढे वेग मंदावतो, उष्णता वाढते. बोरेटचे बंध तुटून पुन्हा जुळतात, झिर्कोनियमचे जुळत नाहीत. त्यामुळे माझ्या टेबलावर सारखी दिसणारी दोन जेल तिथं वेगळी वागतात. पाणीही वेगळं. आम्ही आरओचं वापरतो, तिथं टाकीत साठलेलं, त्यातले जिवाणू गमवर ताव मारतात. आमच्या इथलं लोहाचं पाणी वापरून पाहिलं तर परसल्फेट ब्रेकर (काम झाल्यावर जेल पातळ करणारं रसायन) घाईवर आला आणि जेल आधीच पातळ.

आता विहिरीवरचे लोक २० लिटरच्या कॅनमधून टाकीचं पाणी पाठवतात आणि मी त्यातच गम भिजवतो. परवाच्या कॅनमध्ये सकाळचा आकडा संध्याकाळपर्यंत उतरला, तेव्हा त्यांनी पुढची टाकी जंतुनाशक घालूनच भरली.

बॅच तपासायला घेत असाल तर बिनधास्त घ्या, पाचात चार. विहिरीवरचा दाब काढायला घेत असाल तर नको. आणि किनाऱ्याकडे राहात असाल तर बेअरिंगचा जादा सेट ऑर्डरसोबतच मागवा.