मराठवाडा फिरायचाय: कॅम्परव्हॅन भाड्याने घ्यावी की कार आणि लॉज?

एकीकडे भाड्याची कॅम्परव्हॅन: चौघांची झोपायची सोय, छोटा ओटा, पाण्याची टाकी, आतच संडास. दुसरीकडे घरची कार आणि रात्री लॉज किंवा भक्तनिवास. आपल्या भागात या दोघांतला निर्णय पाण्यावर होतो, म्हणून सुरुवात तिथूनच.

व्हॅनची टाकी साधारण ८० ते १०० लिटरची असते. चौघांचं प्यायचं १५ लिटर, भांडी आणि हातपाय धुणं २० लिटर, वर प्रत्येकी एक बादली अंघोळ धरली की टाकी एका दिवसात कोरडी. प्यायला २० लिटरचा जार कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतो. प्रश्न वापरायच्या पाण्याचा. डिसेंबरात ढाब्यावर जेवलात, तर मालक बोअरची नळी आपणहून देतो. मे महिन्यात तोच माणूस टँकरची वाट बघत असतो. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं; त्या मुलखात उन्हाळ्यात कुणाच्या दारी जाऊन शंभर लिटर मागायचं तोंड मला तरी नाही. कारवाल्याच्या मागे हा व्याप नाही. सकाळी लॉजवर गरम पाण्याची बादली आली की झालं.

संडासाच्या बाबतीत मात्र पारडं फिरतं. हमरस्त्यावर बायकांना जाता येईल असा स्वच्छ संडास शोधण्यात प्रवासाचा किती वेळ जातो, हे घरातल्या बायकांनाच विचारा. सोबत मधुमेहाचे किंवा गुडघेदुखीचे आजोबा असतील, तर गाडीतला संडास हे व्हॅन घेण्याचं सगळ्यात सबळ कारण आहे. फक्त त्याची किंमत ओळखून घ्या. खालची पेटी १५-२० लिटरची, चौघांना दोन दिवस पुरली तर पुरली. ती रिकामी करायला ठरलेली जागा आपल्याकडे जवळजवळ नाहीच. पंपावर किंवा हॉटेलात विचारून तिथल्या संडासात ओतावी लागते, आणि हे काम कुणी करायचं ते निघण्याआधीच ठरवलेलं बरं. ओढ्यात किंवा बांधावर ओतायची नाही. आत रसायन असतं.

उन्हाळ्याच्या रात्रीचा हिशेब सोपा आहे. १२ व्होल्टच्या २०० अँपिअर-अवर बॅटरीत जेमतेम २४०० वॉट-तास वीज मावते. छोटा पंखा आणि फ्रिज त्यावर रात्रभर आरामात चालतात. एसी हजार वॉटच्या वर खातो, म्हणजे दोन तासांत खेळ संपला. इंजिन चालू ठेवून एसीत झोपायचा विचारही करू नका, धुराने जीव जातो. सोलरचंही एक त्रांगडं आहे: बॅटरी भरायची तर गाडी उन्हात हवी आणि आत बसायचं तर लिंबाखाली. दिवसा पारा चाळिशीपार गेला की पत्र्याचं घर मध्यरात्रीपर्यंत तापलेलंच राहतं. मार्च ते जून कार आणि एसीची खोली घ्या, यात मला शंकाच नाही.

रस्त्यांचं थोडक्यात. समृद्धी किंवा तुळजापूर-लातूर-नांदेड महामार्गावर दोन्ही गाड्या सारख्याच. आत वळलात की उंच व्हॅनला गावच्या कमानी, लोंबत्या तारा आणि बोळ अडवतात. वेरूळच्या वाटेवर दौलताबादच्या जुन्या दरवाजातून जाताना सुट्टीच्या दिवशी कारही अडकते, तिथे व्हॅनचं काय घेऊन बसलात! गळीत हंगामात अंधार पडल्यावर व्हॅन चालवू नका. उसाच्या जोड-ट्रॉल्यांना मागे दिवा असेलच असं नाही. आणि पावसाळ्यात डांबर सोडून काळ्या रानात चाक घातलं, तर ट्रॅक्टरवाल्याला हाक मारायची तयारी ठेवा.

तीर्थयात्रा असेल तर कारच. घृष्णेश्वर, औंढा, परळी, अंबाजोगाई, तुळजापूर, सगळीकडे राहायची सोय आहे. नांदेडला सचखंड गुरुद्वाराजवळ यात्री निवास आहे आणि लंगरही. अपवाद नवरात्रातल्या तुळजापूरचा, श्रावण सोमवारच्या औंढ्याचा. खोल्या भरलेल्या असतात, वाहनं गावाबाहेरच थांबवतात, आणि तिथल्या पार्किंगमध्ये रात्र काढायची तर व्हॅनवाला राजा.

किल्ले आणि लेणी बघायची असतील तर गणित उलटतं. नळदुर्ग, परंडा, औसा, उदगीर, कंधार, खरोशाची लेणी ही ठिकाणं ऊन चढायच्या आत बघायची. रात्री जवळच मुक्काम असला की पहाट हाताशी लागते. मुक्कामासाठी जागा विचारूनच घ्या: रात्रभर चालणारा ढाबा, पंप, नाहीतर पोलीस पाटलांना सांगून देवळासमोरचं पटांगण. पोरं गोळा होतील, आत डोकावतील, “यातच झोपता का?” विचारतील. एकांताची आस असणाऱ्यांनी लॉजच गाठावा. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असतं, आणि अजिंठ्याला दोन्ही गाड्या फर्दापूर फाट्यावर ठेवून बसनेच पुढे जावं लागतं.

खर्चात व्हॅन स्वस्त पडेल या भ्रमात राहू नका. पुण्याहून घेतली तर लातूरपर्यंतच सव्वातीनशे किलोमीटर, तितकेच परत, आणि डिझेल कारच्या जवळपास दुप्पट. चार दिवसांच्या सुट्टीत ते परवडत नाही. आठवडाभर असेल तर विचार करा.

घ्यायचीच ठरली, तर ताब्यात घेण्याआधी टाकी भरून सगळे नळ सोडून बघा, संडासाची पेटी स्वतःच्या हाताने काढून-लावून बघा. गॅस पेटवताना खिडकी उघडी राहते का तेही पाहा. आरसीवर वाहनाचा प्रकार कॅम्परव्हॅन लिहिलेला हवा. मालवाहू गाडीत पलंग ठोकून दिला असेल, तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते.