तीन रंगांचा एलईडी बल्ब : ल्युमेन तेवढेच, उजेड मात्र वेगळा

बाजारात 'थ्री-इन-वन' या नावाने मिळणारा ९ वॅटचा एलईडी बल्ब आमच्या स्वयंपाकघरात आणि बैठकीच्या खोलीत गेले काही महिने वापरात आहे. भिंतीवरचे बटण बंद करून लगेच चालू केले की त्याचा उजेड पिवळसर (३००० केल्व्हिन; केल्व्हिन हे उजेडाच्या रंगछटेचे माप), मधला (४००० केल्व्हिन) आणि पांढरा (६५०० केल्व्हिन) असा क्रमाने बदलतो. खोक्यावर तिन्ही रंगांसाठी ९०० ल्युमेन (दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाचे माप) हा एकच आकडा छापलेला आहे आणि ओट्यावर लक्समीटर (तिथे पडणारा उजेड मोजणारे उपकरण) ठेवला तर तिन्ही वेळा आकडेही जवळपास सारखेच येतात. तरीसुद्धा पिवळसर उजेड बदलून पांढरा केला की घरातल्या कोणालाही बैठकीची खोली अधिक उजळ झाल्यासारखी वाटते.

यात खोका खोटे बोलत नाही आणि डोळेही फसत नाहीत. ल्युमेन मोजताना कोणत्या तरंगलांबीला किती महत्त्व द्यायचे, हे सीआयई या प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेने १९२४ साली स्वीकारलेल्या वक्रावरून ठरते. हा वक्र ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट-पिवळ्या प्रकाशाला सर्वाधिक वजन देतो आणि निळ्याला फारच थोडे. मात्र तो दृष्टीच्या अगदी मधल्या, लहानशा भागावरून बेतलेला आहे. खोली आपण संपूर्ण दृष्टिपटलाने पाहतो, आणि तिथे निळ्याला प्रतिसाद देणाऱ्या शंकूपेशी तर असतातच, शिवाय मेलॅनॉप्सिन हे प्रकाश टिपणारे रंगद्रव्य असलेल्या, सुमारे ४८० नॅनोमीटरच्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील अशा पेशीही असतात. उजळपणाच्या जाणिवेत या दोहोंचा वाटा असतो, हे प्रयोगांतून दिसून आले आहे. पांढऱ्या एलईडीत मुळात सुमारे ४५० नॅनोमीटरची निळी चिप असते आणि तिच्यावरच्या फॉस्फरच्या थरामुळे त्या निळ्याचा काही भाग पिवळ्या-लाल प्रकाशात बदलतो. ६५०० केल्व्हिनच्या उजेडात हा निळा भाग बराच जास्त उरतो, म्हणून लक्समीटरला न जाणवणारी भर डोळ्यांना जाणवते.

मात्र ही भर प्रत्येक घरात सारखी मिळणार नाही, आणि हे खोक्यावरून कळणे शक्य नाही. बैठकीच्या खोलीतल्या पांढऱ्या भिंतींवर पिवळसर आणि पांढऱ्या उजेडातला फरक चटकन डोळ्यांत भरतो. स्वयंपाकघराच्या भिंती गडद पिवळ्या आहेत आणि कपाटे सागवानी. तिथे पिवळा रंग आणि लाकूड निळा प्रकाश बऱ्याच अंशी शोषून घेतात, त्यामुळे रंग बदलूनही उजेडात फारशी भर पडल्यासारखी वाटत नाही. वयाचाही असाच परिणाम होतो. वाढत्या वयाबरोबर डोळ्यातले भिंग पिवळे पडत जाते आणि निळा प्रकाश आतपर्यंत कमी पोहोचतो. घरात वयस्कर माणसे वाचत असतील, तर पांढऱ्या रंगावर विसंबण्यापेक्षा जास्त ल्युमेनचा दिवा घेणे मला अधिक योग्य वाटते.

रंग दाखवण्याच्या बाबतीत मात्र हा बल्ब कमी पडतो. खोक्यावर सीआरआय (दिव्याखाली वस्तूंचे रंग किती खरे दिसतात याचा निर्देशांक) ८० दिला आहे, पण या निर्देशांकाच्या सरासरीत गडद लाल रंग धरलेलाच नसतो. त्याचा परिणाम ओट्यावर स्पष्ट दिसतो : कोथिंबीर ताजी दिसते, पण पिकलेला टोमॅटो आणि लाल माठाची भाजी मळकट तपकिरीकडे झुकतात. गडद लाल काठाची साडी या उजेडात निवडू नये. त्यासाठी सीआरआय ९० किंवा अधिक असलेला दिवा हवा, मग त्याची किंमत थोडी जास्त असली तरी चालेल.

अधिक उजळ म्हणजे अधिक चांगला, असेही नाही. २०१५ साली मुंबईत मरीन ड्राइव्हवरचे पिवळे सोडियम दिवे काढून पांढरे एलईडी लावले गेले, तेव्हा 'क्वीन्स नेकलेस'ची सोनेरी शोभा गेली म्हणून मोठा वाद झाला होता. घरातही रात्रीच्या जेवणानंतर ६५०० केल्व्हिनचा उजेड मला नकोसा वाटतो. शिवाय त्यातला निळा भाग झोपेची वेळ पुढे ढकलू शकतो, म्हणून त्या वेळी पिवळसरच ठेवावा.

एक मोठी गैरसोय सांगायलाच हवी. वीज क्षणभर जाऊन आली की बल्ब ते बटण दाबल्यासारखेच समजतो आणि रंग आपोआप बदलतो. ज्या भागात वीज वारंवार ये-जा करते, तिथे हा त्रास रोजचा होईल. एकाच खोलीत अभ्यास, जेवण आणि पाहुण्यांची बैठक होत असेल, तर हा बल्ब जरूर घ्यावा. केवळ ओट्यासाठी हवा असेल, तर ४००० केल्व्हिनचा, जास्त सीआरआयचा साधा बल्ब बरा.