वारीचे बूट घ्यायचे तर म्हापशातलं हे दुकान

माघीला गोव्यातल्या साखळीहून पंढरपूरला चालत जायचं म्हणजे 300 च्या वर किलोमीटर, तिथे सगळं पायांवर असतं. मागच्या खेपेला (एकादशी 8 फेब्रुवारी 2025 ला होती) मी निघायच्या चार दिवस आधी दुसऱ्या एका दुकानातून नवेकोरे बूट घेतले, तो म्हणाला अगदी फिट्ट बसले बघा, आणि चोर्ला घाट चढून बेळगावला पोचेपर्यंत दोन्ही टाचांना हे एवढे फोड. मिरजेच्या पुढे दोन दिवस सामानाच्या टेम्पोत बसून गेले. दिंडी भजन म्हणत चाललीय आणि आपण टेम्पोत, रडूच आलं मला.

म्हणून यंदा दिवाळी झाल्याझाल्या म्हापसा मार्केटात गेले, आतल्या गल्लीत एका काकांचं छोटंसं दुकान आहे. सकाळी गेले तर बूट दाखवेनातच! "सकाळीं न्हय, सांजवेळार यो." दिवसभरात पाय सुजतात आणि वारीत सुजलेल्या पायांनीच चालायचं असतं म्हणाले. संध्याकाळी गेले तर आधी माझे सुती मोजे काढायला लावले, सुती मोजा घाम धरून ठेवतो आणि ओल्या कातडीलाच फोड येतात, जाड सिंथेटिक मोजे घालून मग माप. अंगठ्यापुढे त्यांच्या बोटाएवढी जागा सुटली पाहिजे. मग दुकानाच्या पायऱ्या चारपाच वेळा चढायला लावल्या आणि स्वतः खाली बसून टाच उचलतेय का ते बघत होते. थोडी उचलत होती, तर नाडी सगळ्यात वरच्या त्या जास्तीच्या भोकातून आत घेऊन तिचाच फासा केला आणि दुसरं टोक त्यातून ओवून आवळलं, टाच जागची हलेना. इतकी वर्षं ते भोक कशाला असतं हेच मला माहीत नव्हतं.

बूट 1,650 ला, मोजे 180 ला जोडी, तीन जोड्या घेतल्या. भाव थोडा जास्त वाटेल पण रोज चालून महिनाभरात बूट मऊ करून घ्या हे सांगणारा माणूस आहे. आता म्हापसा ते आसगाव जाऊन येऊन करते, अजून एक फोड नाही.

एकच तक्रार, गरम कपडे तिथून घेऊ नका. आपल्याकडे थंडी ती काय असते, त्यामुळे जाडजूड एकच स्वेटर ठेवलाय. सांगोल्याच्या माळावर पहाटे कुडकुडायला होतं आणि दहा वाजता ऊन भाजतं, तिथे दोन पातळ थर बरे, एक काढून कमरेला बांधता येतो. कानटोपी आणि पातळ शाल घरचीच घ्या.

शुक्रवारी बाजारामुळे फार गर्दी असते, काकांना बोलायला वेळ मिळत नाही. दुसऱ्या कुठल्याही दिवशी पाचनंतर जा.